भाजीचा ताप पाहणारा

सौंसरच्या बाजारात तो दिसला की आम्ही बाया टोपल्यांवर पदर टाकत होतो. तो चोर नव्हता. पण भाजीच्या ढिगात हात खुपसायची त्याला खोड होती, तीही उलट्या हाताने. लेकराच्या कपाळाला लावावा तसा तो हात पालकाच्या ढिगाच्या पोटात घालायचा, डोळे मिटून उभा राहायचा आणि चार गिऱ्हाइकांच्या देखत सांगायचा, "याले ताप हाय." गिऱ्हाईक पुढच्या टोपलीकडे सरकायचं. मग शिव्या. बाजारात माझ्याइतक्या चांगल्या शिव्या कोणाला येत नव्हत्या आणि त्यातल्या जास्तीत जास्त त्याला मिळाल्या.

त्याला सगळे मिस्त्री म्हणत. उभं आयुष्य त्याने पांढुर्ण्याला एका बर्फाच्या कारखान्यात मशीनवर काढलं होतं. तिथल्या गॅसने त्याचं नाक गेलं. सडक्या आलूच्या पोत्याशेजारी बसून तो आरामात भाकर खात असे. वास येत नाही म्हणून हाताने बघतो, असं तो सांगे. मला वाटतं, नाक असतं तरी त्याने हेच केलं असतं. काही माणसांना दुसऱ्याच्या मालाला हात लावल्याशिवाय चैन पडत नाही.

एवढी वर्षं बर्फ केला आणि त्याला राग होता बर्फाचाच. लग्नात सरबताच्या ग्लासात बर्फाचा खडा दिसला तर बोटाने काढून मांडवाबाहेर फेकायचा. माठाचं पाणी मात्र त्याला चाले. माठ स्वतः घाम गाळतो म्हणून पाणी गार होतं, ती मेहनतीची गारी आहे, असं म्हणे. बर्फाचा नुसता रुबाब.

बर्फाचं एकच काम त्याला मान्य होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि दोन्हीकडून दगड. त्या दिवशी कारखान्याच्या दारात तो लाद्या फोडून ठेवायचा. डोकं फुटलेले दोन्ही गावचे लोक यायचे. आत्ता एकमेकांना दगड मारणारे दोघे एकाच लादीचे तुकडे कपाळाला धरून शेजारी बसलेले त्याने पाहिले होते. हे तो फार वेळा सांगायचा. शेवटी म्हणायचा, "बर्फ मार लागलेल्यासाठी अन् मेलेल्यासाठी. जित्त्यासाठी नाई."

माझी त्याची ओळख पालकावरून झाली. नवरा गेल्यावर मी भाजी विकायला बसले होते. मुलाच्या घरी राहत होते, पण मुलापुढे हात पसरायचा नाही असं ठरवलं होतं. माझी अडचण संध्याकाळची. उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी कोण घेतो? गायीपुढे टाकायची. उन्हाळ्यात तर अर्धी टोपली गायीचीच. मग मला अक्कल सुचली. बाजारात थंड पेयांचा एक दुकानदार होता. त्याच्या बर्फ जमवायच्या विजेच्या पेटीत मी उरलेला पालक ठेवला. सकाळी काढला तर पानं काचेसारखी कडक, हिरवीगार. मी खूश. बाजारात येऊन मांडला आणि तासाभरात त्याचं ओलं फडकं झालं. उचललं की पाणी गळे.

तेवढ्यात मिस्त्री आला. मी पदर टाकायच्या आत त्याने हात लावला. या वेळी डोळे मिटले नाहीत.

"याले ताप नाई," तो म्हणाला. "हा मेला. बर्फात कोणं घातला?"

मी म्हटलं, तुमच्या बापानं. तो हसला. त्याला दात कमी होते आणि हसताना तो ते लपवत नसे. मग तिथेच उकिडवा बसून त्याने मला शिकवलं, मी न विचारता. भाजी तोडली म्हणजे मेली नाही. ती श्वास घेते, म्हणून ढिगाच्या पोटात तापते. गार केलं की ती झोपते, सावकाश श्वास घेते, म्हणून टिकते. गोठवलं की तिच्या आतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि तो तिला आतून फाडतो. मेलेलंही टिकतं, पण मग ते पातेल्यातच घालायचं, टोपलीत मांडायचं नाही.

"उद्या उरलं तं माह्याकडे आण," म्हणाला.

मी तीन आठवडे गेले नाही. बोलावलं की लगेच जाणाऱ्यातली मी नाही. चौथ्या आठवड्यात ऊन असं पडलं की दुपारीच सांबार, तुमची कोथिंबीर, माना टाकू लागला. तेव्हा गेले.

जामसांवलीला जाणाऱ्या रस्त्याला लागून त्याचा जमिनीचा तुकडा होता, संत्र्याची थोडी झाडं आणि एक खोली. बायको केव्हाच वारलेली, मूल नाही, पुतण्या नागपूरला. खोलीसमोर तुराट्यांचा मांडव, त्याखाली विटांचा हौद. कमरेएवढा उंच, खाट मावेल एवढा लांब. भिंती दुहेरी, दोन भिंतींच्या मधे कन्हान नदीची रेती. सकाळ-संध्याकाळ त्या रेतीत पाणी ओतायचं. वर बांबूचं झाकण, त्यावर ओलं पोतं. बकऱ्यांनी झाकण उचकटू नये म्हणून पोत्यावर नदीतला एक मोठा गोल दगड. विजेची तार नाही, मशीन नाही. हा चौकोनी माठ आहे, असं त्याने सांगितलं. मी आत हात घातला. बाहेर माणूस भाजून निघत होता आणि आत पौषातली पहाट होती.

तेव्हापासून माझी उरलेली भाजी तिथे जाऊ लागली. पालक दोन-तीन दिवस, गाजर त्याहून पुष्कळ, लिंबं-संत्री तर आठवडेच्या आठवडे. गायीचा वाटा बंद झाला. बदल्यात पाणी मी ओतायचं असं ठरलं. सहा गुंड, म्हणजे सहा घागरी, सकाळी आणि सहा संध्याकाळी. फुकट तो कोणाला काही देत नसे आणि मी घेतही नव्हते.

त्याचे नियम होते आणि ते मोडले की तो माल बाहेर काढून मातीत ठेवायचा. भाजी ऊन चढायच्या आत तोडलेली हवी. धुऊन ओली आणायची नाही. संत्रं ओढून तोडलं आणि देठाची टिकली उपटून आली तर ते त्याच दिवशी खाऊन टाकायचं, कारण सडायला तिथूनच सुरुवात होते. पिकलेलं फळ हिरव्या पानांजवळ ठेवायचं नाही, पानं पिवळी पडतात. एकदा मी त्याच्याजवळ खाटेवर टेकले तर म्हणाला, "दूर बस वं बाई. मी पिकलो, तुले पिवळी पाडीन." मी तेव्हा साठीची होते. मी म्हटलं, पिवळी पडायचं राहिलंय काय आता.

पावसाळ्यात त्याचा हौद काही कामाचा नसे. हवाच ओली, तर रेतीचा घाम वाळणार कसा? ते तो कबूल करायचा, पण त्या दिवसांत त्याच्याशी बोलणं कठीण असे. ढगांकडे असा बघायचा की जणू ते त्याच्या कारखान्यातून पळालेले कामगार आहेत.

गोठवायचं शास्त्रही त्यालाच येत होतं. घरी फ्रिज आला तेव्हा सून हिवाळ्यातले वाटाणे वरच्या कप्प्यात भरत होती. मिस्त्री काही कामाने आला होता. त्याने सांगितलं, असे नको, आधी उकळत्या पाण्यात जरा वेळ घाल, लगेच गार पाण्यात टाक, कोरडे कर, मग गोठव. नाहीतर रंगही जाईल, चवही. "वाटाण्याले मरणच चांगलं," म्हणाला, "पण आंधी गरम पाण्यानं आंघोळ घाल." सून म्हणाली, मेल्यावर घालतात ना काकाजी आंघोळ. तो म्हणाला, याले मारायच्या आंधी घालायची. अजून दर हिवाळ्यात ती तसंच करते आणि पोहे करताना त्याचं नाव काढते.

आता रुईच्या माळांचं सांगते. त्यात चूक माझी होती.

शनिवारी त्या रस्त्याने लोक पायी जामसांवलीला जातात, मारुतीला. मी शनिवारी रुईच्या पानांच्या माळा करून तिथे मांडवाजवळच विकू लागले. उन्हात पानं सुकतात. म्हणून मी माळा हौदाच्या ओल्या पोत्यावर ठेवायची, आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून दगडाला अडकवायची. एवढंच केलं. पण रस्त्यावरून बघणाऱ्याला काय दिसलं? मांडव, खाली विटांचा ओटा, ओट्यावर ओला गोल दगड, दगडाच्या गळ्यात रुईची माळ. आमच्याकडे याला दुसरा अर्थ नाही. एका शनिवारी दगडाला शेंदूर लागला. पुढच्या शनिवारी नारळ. त्याच्या पुढच्या शनिवारी कोणी चपला काढून प्रदक्षिणा घालत होतं आणि मिस्त्री हातात दातवण धरून बघत होता.

मी गप्प राहिले. खरं सांगायचं तर माझ्या माळा दुप्पट खपत होत्या. मिस्त्री खुरप्याने शेंदूर खरवडायचा आणि मला बोलायचा. "माळ तुही, देव तुहा. आवर आता." मी म्हणायची, लोकांच्या श्रद्धेला मी काय करू. लोकांच्या श्रद्धेची मला तेव्हा फार काळजी होती.

मग कंत्राटदार आला. नाल्या आणि समाजमंदिरं बांधणारा माणूस, सोबत तिघे. खाटेवर बसले. दगड जागृत आहे, लोकांना अनुभव येत आहेत, हनुमान जयंतीला इथे स्थापना करू, मंदिर बांधू, टाइल्स लावू. कोणाला अनुभव आला, मिस्त्रीने विचारलं. एका माणसाचा हरवलेला बैल सापडला होता.

"थो बैलाच्या अकलेनं सापडला," मिस्त्री म्हणाला. "दगड मी कन्हानातून आणला. सायकलीवर. रस्त्यानं दोनदा पडला. जागृत असता तं बोंबलला असता."

"काकाजी, देवाची टिंगल नोका करू."

"टिंगल तुमी करून राहिले. माहा देव जामसांवलीत हाय. थो झोपून हाय. त्याले माह्या गाजराची राखण कराले कायले उठवता?"

आमचा जामसांवलीचा मारुती खरंच आडवा, झोपलेला आहे. त्यामुळे तिघांपैकी एक जण हसला आणि कंत्राटदाराने त्याच्याकडे पाहिलं. उठता उठता तो म्हणाला, देव बसला तिथे खाली भाजी ठेवणं बरं नाही. जयंतीपर्यंत झाकण कोणी उघडू नये. लोकांना चालणार नाही. हे तो मिस्त्रीला म्हणाला, पण लागलं मला. चैत्राचं ऊन, आत माझा माल, आणि त्याच्यावर देव. माळा विकून आलेला सगळा शहाणपणा एका वाक्यात उतरला. हौद गेला की मुलापुढे हात पसरणं आलं.

त्या संध्याकाळी पाणी मिस्त्रीने स्वतःच ओतलं. मला बोलला असता तर बरं झालं असतं.

हनुमान जयंतीला मांडवात माणसं मावत नव्हती. भजनवाले, गावच्या बाया, पायी निघालेले लोक. मिस्त्री धुतलेलं धोतर नेसून आला, तेव्हा सगळ्यांना वाटलं तो कबूल झाला. कंत्राटदार पुढे झाला, हात जोडून. मिस्त्रीने दगडाच्या गळ्यातली रुईची माळ काढली आणि कंत्राटदाराच्या गळ्यात घातली. लोक हसले. हसू थांबायच्या आत त्याने दगड दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला, पोतं ओढलं, झाकण काढलं. आत गाजरं, पालक, लिंबं आणि मागच्या महिन्यात तोडलेली त्याची संत्री. त्याने एक संत्रं काढून समोरच्या म्हातारीच्या हातात दिलं. ती पायी आलेली होती, ओठ सुकलेले.

"प्रसाद नाई," तो म्हणाला. "संत्रा हाय. खा."

म्हातारीने संत्रं गालाला लावलं. मग वाकून हौदात हात घातला आणि ओरडली, "अवं माय, आत थंडी हाय!" आणि तिने तिथेच डोकं टेकवलं. तिच्यामागे दुसरी. तिच्यामागे सगळेच. चैत्रात, विजेशिवाय, दगडाखालून थंडी. कंत्राटदार माळ घालून उभा होता, तो म्हणाला, पाहा.

मिस्त्रीचं तोंड मी तेव्हा पाहिलं. जन्मभर जे खरं म्हणून सांगत आला, ते त्याने उघडून दाखवलं आणि लोक त्याच्या पाया पडत होते. त्याला बोलता येईना. मग मी बोलले. मला बोलायला कधी अडचण आली नाही.

"चमत्कार कायचा?" मी म्हटलं. "रोज बारा गुंड पाणी लागते त्याले. माह्या कमरेले विचारा. माळ मी ठेवली होती, वाळू नाई म्हणून. दगड बकऱ्यांसाठी हाय. ज्याले देव पायजे त्यानं उद्या सकाळी सहा गुंड घेऊन यावं."

कोणी हललं नाही. सहा गुंडांचं ऐकून एक-दोघी मात्र डोकं उचलून बसल्या. तेवढ्यात मिस्त्रीला आवाज सापडला. तो ओरडला नाही. विटा किती, रेती कोणती, दोन भिंतींत अंतर किती, पाणी कधी, हे तो एकेक सांगत गेला. रेती चाळून घ्या म्हणाला. सावली पाहिजे, वारा पाहिजे म्हणाला. "घरी न्या," म्हणाला. "हर घरी बसवा." म्हातारीने विचारलं, यात वांगे राहतात काय? तो म्हणाला, राहतात. तिथे देवळाचा विषय संपला, पण कंत्राटदाराला ते कळायला उन्हाळा जावा लागला. ज्येष्ठापर्यंत आजूबाजूच्या परसात सात-आठ हौद झाले होते. हर घरच्या परसात जे आहे, त्याचं देऊळ कोण बांधणार?

कोणाकोणाच्या हौदावर दगडाला शेंदूर लागतोच. ते त्यांचं ते बघतील. मी माळा टोपलीत ठेवू लागले.

मिस्त्री मागच्या वैशाखात गेला. खाटेवर बसल्या बसल्या, दुपारी. पुतण्याला नागपूरहून यायला संध्याकाळ होणार होती, म्हणून लोकांनी बर्फाच्या लाद्या आणल्या. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, याला तर बर्फाचा राग होता. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, ठेवा. मेलेल्याला चालतो, असं तोच सांगायचा. लाद्या मी नीट लावून घेतल्या, मधे भुसा घालून, लवकर विरघळू नयेत म्हणून. मला रडू आलं नाही. मला संध्याकाळचं पाणी टाकायचं होतं.

तेरवी झाल्यावर कंत्राटदार पुन्हा आला. केस पिकले होते, गाडी मोठी होती. पुतण्याशी त्याचं बोलणं झालं होतं. पुतण्या म्हणाला होता, म्हातारी हो म्हणाली तर माझी ना नाही. म्हणून तो माझ्याकडे आला होता, आणि या वेळी देव आणला नव्हता, मिस्त्रीच आणला होता. थंडीवाले बाबा. हौदाचीच समाधी करू. लोक मानतात त्यांना. तुमचं नाव पाटीवर घालू.

"आजी, त्यायची आठवण राहीन," तो म्हणाला. "इथं ठेवलं काय तं थोडी भाजी. थे तं फ्रिजमंधी बी राहते."

मी त्याला म्हटलं, हात दे. त्याला वाटलं मी कबूल झाले. त्याने हात पुढे केला. मी झाकण सारलं आणि त्याचा हात मनगटाला धरून उलटा केला. अंगठ्या होत्या बोटांत. तो हात मी आत घातला, पालकाच्या जुड्यांच्या पोटात, आणि दाबून धरला. परवाचा पालक होता तो. कंत्राटदार ओढू लागला, मी सोडला नाही. पाणी ओतून ओतून माझ्या हातात अजून जोर आहे.

"ताप हाय काय?" मी विचारलं.

त्याने ओढणं सोडलं. मग खरंच त्याने थोडा वेळ हात तसाच ठेवला.

"नाई," म्हणाला.

"मंग जा घरी," मी म्हटलं, आणि झाकण लावून वर दगड ठेवला.